काढा, लस आणि झाडाची साल

(भागाचं लेखी रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

वरंधहून एक प्रश्न आलाय. "पावसाळ्यात आमच्याकडे घरोघरी गुळवेलीचा काढा होतो. आता म्हणे झाडाचा अर्क घातलेली मलेरियाची लस निघालीय. मग आमचा काढाही तेच काम करतो ना?"

प्रश्न रास्त आहे. आधी लशीचं बघू.

बऱ्याच लशींत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे रोगजंतूची ओळख पटवणारा तुकडा. दुसरी म्हणजे "अरे, इकडे लक्ष दे" असं शरीराला सांगणारा मदतनीस. त्याला अ‍ॅडज्युवंट म्हणतात. 1925 च्या सुमारास फ्रान्समधले पशुवैद्य गास्तों रामों घोड्यांना घटसर्पाविरुद्धची लस टोचत होते. टोचल्या जागी ज्या घोड्याला गळू व्हायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जास्त सापडायची. मग त्यांनी लशीत मुद्दाम काय काय मिसळून पाहिलं! पावाचा चुरा, टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो ते पीठ. प्रतिकार खरंच वाढला.

मलेरियात हा मदतनीस फार लागतो. कारण त्याचा परजीवी चलाख आहे. डास चावल्यावर साधारण तासाभरात तो यकृतात शिरतो. तेवढ्या वेळात त्याला अडवायचं, तर प्रतिपिंडं आधीपासून आणि भरपूर तयार हवीत.

वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला गेलात, की तिथे सीरम इन्स्टिट्यूट आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर21 ही मलेरियाची लस तिथे बनते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली. आफ्रिकेतल्या लहान मुलांना ती दिली जाते. तिच्यातल्या मदतनिसाचं नाव मॅट्रिक्स-एम. त्यातला मुख्य घटक येतो चिली देशातल्या किलाया नावाच्या झाडाच्या सालीतून. तिथले लोक ती साल साबणासारखी वापरत आलेत. आपला रिठा, आपली शिकेकाई, तसंच. फेस आणणारं द्रव्य एकाच जातीचं: सॅपोनिन.

मग रिठ्याचं पाणी टोचायचं का? अजिबात नाही! सह्याद्रीत गेळाची फळं कुटून डोहात टाकायची आणि मासे धरायचे, ही जुनी रीत ठाऊक असेल. तिथेही सॅपोनिनच. कच्चं सॅपोनिन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं. म्हणून सालीतून ते वेगळं काढतात, शुद्ध करतात, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडबरोबर बांधून त्याचे अतिसूक्ष्म कण करतात. मग मोजून, मायक्रोग्रॅममध्ये देतात.

आपल्या औषधी वनस्पतींवर काम झालंय का? झालंय, पुण्यातच. पुणे विद्यापीठ आणि सीरमच्या संशोधकांनी 2004 मध्ये अश्वगंधा आणि शतावरीच्या अर्कांवर निबंध प्रसिद्ध केले. उंदरांना त्रिगुणी लस टोचली आणि जोडीला अर्क पाजला. डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिपिंडं वाढली. पण लक्षात घ्या: हे उंदरांत दिसलं, रोग जीवाणूचा होता, परजीवीचा नव्हे. आणि मुख्य म्हणजे लस टोचलेली होती. मदतनीस हा मदतनीसच. ज्याला मदत करायची तो गडीच नसेल, तर तो एकटा काय करणार?

काढ्यात मलेरियाच्या जंतूची ओळख पटवणारं काहीच नसतं. म्हणून काढा म्हणजे लस नव्हे. शिवाय तो 'निरुपद्रवीच' असंही धरू नका. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तरी यकृताचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे बरं.

आणि थंडी वाजून ताप आला, तर काढ्याच्या भरवशावर दोन दिवस काढू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा, रक्त तपासा. मलेरिया निघाला तर औषध आहे, आणि ते वेळेत घेतलं तर माणूस बरा होतो.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.