लातूरचा धंदा : काही उघड्या, काही झाकल्या गोष्टी

लातूरकराला नुसतं ‘भाव काय?’ विचारलं, तर तो उलट विचारेल, ‘कशाचा?’ सोयाबीनचा, तुरीचा की रेल्वेगाडीचा? इथे तिन्हींचा सौदा होतो. त्यातल्या या सात चटपटीत गोष्टी.

१. एक गोल, सोळा रस्ते
गंजगोलाईची दुमजली इमारत १९१७ सालची. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती सोळा रस्ते आणि सोन्यापासून चपलांपर्यंत, मिरचीपासून गुळापर्यंत सगळा बाजार. रचनेतच व्यापाराची अक्कल आहे : एकाने भाव चढवून सांगितला, की गिऱ्हाईक चार पावलं चालून दुसऱ्याच्या दारात!

२. रुमालाखालची बोटं
एके काळी देशातल्या अनेक बाजारांत आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमाल बघत बसायचा. पुढे कायद्याने उघड लिलाव आला. नियंत्रित बाजाराचा देशातला पहिला मान विदर्भातल्या कारंजा लाडचा, साल १८८६. निजामाच्या राज्यात बाजार कायदा झाला १९३० मध्ये, आणि लातूर तेव्हा त्याच राज्यात होतं.

३. भाव ऐका, पण पट्टी वाचा
मोंढ्यात माल विकला की हातात हिशोबपट्टी येते : वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी उरलेली रक्कम. जाणता शेतकरी भाव ऐकून हुरळत नाही. वजनात ‘कडता’ किती कापला, हे तो आधी बघतो. पाच हजारांचा भाव असताना क्विंटलमागे दोन किलो कडता गेला, तर शंभर रुपये गुपचूप गेले. पन्नास क्विंटलला पाच हजार! बोली उघड झाली तरी काटा झाकलेला असेल, तर उपयोग काय?

४. तेलबी म्हणे!
सोयाबीनची गणना तेलबियांत होते खरी, पण एका क्विंटलमधून तेल निघतं साधारण १८ किलो. ८० किलोच्या आसपास निघते ती पेंड, आणि ती जाते मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे लातूरच्या शेतकऱ्याचं नशीब पोल्ट्रीवाल्याच्या हिशोबाला बांधलेलं. २०२१ मध्ये भाव दहा हजारांपुढे गेला, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला वाट करून दिली आणि नवा माल येईपर्यंत बाजार उतरला. त्याच डिसेंबरात ‘सेबी’ने सोयाबीनचे वायदे थांबवले. पुढच्या महिन्यांत भाव कुठे जाईल, याचा अंदाज देणारा फलकच त्यामुळे मिटला.

५. शिकागोवाल्यांच्या पाटीवर लातूर
एडीएम ही धान्य-तेलबियांच्या धंद्यातली १९०२ सालची अमेरिकी कंपनी, मुख्यालय शिकागोत. जगाच्या सोयाबीनचे वायदेही त्याच शहरात होतात. या कंपनीच्या एका भारतीय शाखेचं नाव आहे ‘एडीएम ॲग्रो इंडस्ट्रीज लातूर अँड विझाग’. मुंबई नाही, पुणे नाही. थेट लातूर!

६. शंभर रुपयांत ताळेबंद
२००३ पासून शेतकऱ्यांनाही ‘उत्पादक कंपनी’ काढता येते. किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात. गंमत मतदानात आहे : कुणाकडे दहा शेअर असोत वा हजार, मत एकच. दुसरी गंमत त्याहून तिखट. कंपनीला ताळेबंद सरकारदरबारी भरावा लागतो आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तो कुणालाही बघता येतो. आडत्याची चोपडी बघायला मागून बघा! तेव्हा गावातल्या कंपनीत पैसे घालण्याआधी हे शंभर रुपये जरूर खर्च करा.

७. बोली रेल्वेगाडीची
लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी २०१८ ची, आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा तयार. पण खरी गोष्ट पुढची. दोनशे वंदे भारत स्लीपर गाड्यांची निविदा निघाली. रशियाची टीएमएच कंपनी आणि आपली सरकारी आरव्हीएनएल यांच्या जोडीने गाडीमागे १२० कोटी रुपये अशी सर्वांत कमी बोली लावली. त्यांना १२० गाड्या मिळाल्या, लातूरच्या कारखान्यात बांधायच्या. उरलेल्या ८० गाड्या दुसऱ्या क्रमांकाच्या टिटागढ-भेल जोडीला मिळाल्या, पण अट एकच : भाव पहिल्याचाच! आकडा चारचौघांत फुटला, म्हणून तर दुसऱ्याला खाली यावं लागलं. उघड बोलीत सरकारचे पैसे वाचतात, तसे शेतकऱ्याचेही वाचतात. फक्त काटाही तितकाच उघड हवा.