शाळा ठरवण्याआधी नातवाचा स्वभाव पाहा

आपल्या वऱ्हाडात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाची गंमत झाली आहे. मूळ अर्थ ख्रिस्ती धर्मभगिनींचा मठ. पण आपल्याकडे गल्लीतल्या कोणत्याही इंग्रजी बालवाडीला कॉन्व्हेंट म्हणतात, मग तिथे एकही सिस्टर नसो. म्हणून ‘नातवाला कॉन्व्हेंटात घालायचे आहे’ असे एखादे आजोबा दवाखान्यात सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात अमरावती-अकोल्याच्या होली क्रॉस किंवा अकोल्याच्या माउंट कार्मेलसारखी ख्रिस्ती शाळा आहे की नुसती इंग्रजी, हे मला आधी विचारावे लागते. येथे विचार ख्रिस्ती संस्थांच्या प्राथमिक शाळांचा आहे.

या शाळांची शिस्त, इंग्रजी आणि निकाल यांची चौकशी सारेच करतात. ज्याला तिथे जायचे आहे त्या मुलाची चौकशी मात्र क्वचितच होते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये 133 मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास केला. त्यांना सुमारे 40 टक्के मुले सहज रुळणारी, 15 टक्के हळूहळू रुळणारी आणि 10 टक्के हाताळण्यास अवघड अशी आढळली. उरलेली मिश्र स्वभावाची होती. कोणताही स्वभाव मुळात वाईट नसतो, स्वभाव आणि भोवतालची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही यावर मुलाचे स्वास्थ्य ठरते, हे त्यांचे प्रतिपादन मला आजही मोलाचे वाटते.

घंटा, रांग, प्रार्थनासभा, नेटका गणवेश, वर्गात इंग्रजीतच बोलणे, ही या शाळांची ओळख. ज्या मुलाला ठरलेला क्रम आवडतो, चपला जागेवर नसल्या तर जो स्वतःच उचलून ठेवतो, तो इथे फुलतो. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला मात्र दोन ओझी एकदम उचलावी लागतात: अनोळखी माणसे आणि अनोळखी भाषा. आजीशी वऱ्हाडीत अखंड बडबडणारे मूल शाळेत मुके होते. पहिला महिनाभर हे स्वाभाविक मानावे. त्यानंतरही घरी बोलणे आणि शाळेत पूर्ण मौन असेल, तर तो हट्ट नव्हे. ही चिंतेतून येणारी अवस्था असू शकते. बालरोगतज्ज्ञांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘बोल ना, तोंडात मूग आहेत का?’ असे चारचौघांत टोचल्याने मौन अधिकच घट्ट होते.

एका आजीबाईंनी केजी-टूमधल्या नातवाला पोटदुखीसाठी आणले होते. दुखणे बेंबीभोवती, सोमवार ते शनिवार, सकाळी सातला, रविवारी नाही. तपासणीत काही सापडले नाही. अशी वेदना खोटी नसते, मूल ती खरोखर सोसत असते. आई शाळेत जाऊन बोलली, वर्गशिक्षिकेने त्याला खिडकीजवळ ओळखीच्या मुलाशेजारी बसवले आणि पाणी मराठीतून मागू दिले. तीन आठवड्यांत पोट शांत झाले. शाळा बदलावी लागली नाही. मात्र दुखण्याने रात्री झोपमोड होणे, वजन घटणे, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचातून रक्त, यांतले काहीही असेल तर ‘शाळेचे नाटक’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

काही आजी-आजोबांना प्रार्थनेची काळजी वाटते. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि स्वतःच्या विचाराने जगले, हे मी त्यांना सांगतो. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार शासनमान्य शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. तरी शाळेचे वातावरण ख्रिस्ती असणारच. ते घराला मानवत नसेल तर प्रवेशाआधीच ठरवावे. घरात एक आणि शाळेत एक, अशी ओढाताण संवेदनशील मुलाला फार लागते. आणखी एक व्यवहाराची बाब: शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले. त्यामुळे 25 टक्के राखीव जागांची आशा तिथे धरू नये.

प्रवेशापूर्वी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळालेल्या मुलाला कधी कधी फळाच नीट दिसत नसतो. वर्गात मुले किती, हेही विचारावे. चळवळ्या मुलासाठी मैदान पाहावे. ते नुसते असून भागत नाही, लहान वर्गांना रोज मिळते का ते विचारावे. ऑटोचा प्रवासही मोजावा. अकोल्याच्या उन्हात दुपारी कोंबलेल्या ऑटोतून पाऊण तास फिरून येणारे पाच वर्षांचे मूल घरी आल्यावर चिडचिडे होते आणि दोष बिचाऱ्या शाळेला लागतो.

शाळा पाहायला कार्यालयाच्या वेळेत तर जावेच, पण एकदा सुटण्याच्या वेळीही फाटकाशी उभे राहावे. लहान वर्गांची मुले कशी बाहेर येतात, बाईंचा हात धरून काही सांगत येतात की मान खाली घालून, हे आपल्या अनुभवी डोळ्यांना पाच मिनिटांत कळेल. जमल्यास नातवालाही सोबत न्यावे.