शेवटच्या क्षणाचं स्वस्त तिकीट: मिळतं कसं, फसतं कुठे?

हेडफोन लावलेत? चला, सुरू करूया.

शो उद्यावर आलेला असतो. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘दोन तिकिटं आहेत, निम्म्या किमतीत, कोणाला हवीत?’ आणि आपला अंगठा थेट यूपीआयवर जातो. थांबा! मैदानावरच्या रॉक शोचं तिकीट शेवटी स्वस्त का होतं, हे आधी समजून घेऊ. ते कळलं की कोणतं घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, तेही कळतं.

स्वस्त का होतं?

पहिलं कारण मंडईतलं. सकाळी भाव खाणारी मेथीची जुडी रात्री मिळेल त्या भावाला जाते, कारण उद्या ती कोणी घेणार नाही. रिकाम्या खुर्चीचंही तसंच. बँडने पहिलं गाणं सुरू केलं की तिची किंमत शून्य.

दुसरं कारण स्टेजचं. तिकीटविक्री काही महिने आधी सुरू होते, स्टेज मात्र शेवटच्या दिवसांत उभं राहतं. स्पीकरचे मनोरे, स्क्रीन, कॅमेरे नेमके कुठे येणार, कोणाच्या नजरेआड काय जाणार, हे नीट कळेपर्यंत काही जागा रोखून ठेवतात. पाहुण्यांसाठीही काही राखीव असतात. त्यातल्या उरलेल्या जागा शेवटी अधिकृत ॲपवरच सुटतात. म्हणून शोच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दुपारीही ॲप उघडून बघा.

तिसरं कारण, ज्यांचा बेत फिसकटला ते लोक आणि ज्यांचा अंदाज चुकला ते ब्लॅकवाले.

पण हे प्रत्येक शोला होत नाही बरं का! कोल्डप्ले आठवा. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन शो झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री उघडली तेव्हा तिकिटं होती २,५०० ते ३५,००० रुपयांची. ती बघता बघता संपली आणि बाहेर अनेक पटींनी विकायला आली. अशा वेळी भाव पडायची वाट बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तिथे स्वस्त तिकीट आलं ते बँडकडूनच. ‘इन्फिनिटी’ तिकीट, २,००० रुपये, एकाला जास्तीत जास्त दोन आणि घ्यायची जोडीनेच. जागा कुठली, ते तिकीट हातात घेताना कळणार!

पैसे वाचले, पण बदल्यात काय दिलं?

बहुतेक वेळा जागा. बाजूची किंवा अगदी मागची. पण मागे म्हणजे वाईटच, असं नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून १०० मीटरवर तो सुमारे ०.३ सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये जादा स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज तेवढाच मुद्दाम उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. उभं राहायचं तिकीट असेल तर साउंड इंजिनिअरचं टेबल शोधा. तो तिथून ऐकून आवाज जुळवत असतो, त्यामुळे त्याच्या आसपास सहसा सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. बँड थोडा लहान दिसेल, एवढंच.

फसतं कुठे?

क्यूआर कोड म्हणजे शेवटी एक नंबर. गेटवर तो एकदा स्कॅन झाला की ‘वापरला’ अशी नोंद होते. आता एकच स्क्रीनशॉट दहा जणांना विकला, तर पहिला आत जाईल आणि नऊ जण बाहेर उभे. म्हणून स्क्रीनशॉटवर पैसे नाहीत म्हणजे नाहीत. ॲपमध्ये तिकीट ट्रान्सफर करायची सोय असेल तर ते तुमच्या खात्यात येऊ द्या. नसेल तर विकणाऱ्यासोबत गेटवर जा आणि स्कॅन झाल्यावर पैसे द्या. तो याला तयार नसेल तर विषय संपला. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळवणार का, हेही आधी बघा. आणि ‘रिफंड देतो, पिन टाका’ असं कोणी म्हटलं तर सरळ ब्लॉक करा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

परतीचा हिशोब

आपल्याकडे उघड्यावर ध्वनिक्षेपकाला साधारणपणे रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. त्यामुळे असे शो बहुतेक संध्याकाळीच सुरू होतात आणि दहाच्या आत आटोपतात. आठ वाजता स्वस्तात मिळालेलं तिकीट म्हणजे अर्धा शो, तोही सिक्युरिटीची रांग लवकर सरकली तर.

दहाला सगळं मैदान एकदम रस्त्यावर येतं. कॅबचे दर चढतात, मोबाइलला रेंज मिळत नाही. डी. वाय. पाटीलला असाल तर नेरूळ, महालक्ष्मी रेसकोर्सवर असाल तर महालक्ष्मी स्टेशन जवळ. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा, परतीचं तिकीट जातानाच काढा, तिकिटाचा क्यूआर ॲपमध्ये ऑफलाइन उघडतो का ते घरीच तपासा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, तेही ठरवा. गर्दी रेटायला लागली तर उलट दिशेने जोर लावू नका. तिरकं चालत कडेला या.

आता हिशोब मांडा. तिकीट, अधिक परतीचं भाडं, अधिक हा प्रश्न: हे पैसे बुडाले तर महिन्याची मेस भरता येईल ना? उत्तर ‘हो’ असेल तर बिनधास्त जा. ‘नाही’ असेल तर हा शो सोडा, बँड पुन्हा येईल.

हा भाग तिकीट शोधत बसलेल्या मित्राला पाठवा. त्याने पैसे पाठवायच्या आधी! भेटूया पुढच्या भागात.