जीपचा क्रॉस वाजू लागला तर

बाजारच्या दिवशी माणसे आणि पोती भरून जीप निघते. क्लच सोडला की खालून 'खट्' आवाज येतो. "जुनी गाडी, वाजायचीच," असे म्हणून आपण सोडून देतो. पण हा आवाज बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतून गाडी उलटूही शकते.

गिअरबॉक्स चासीला घट्ट, तर मागचा एक्सल पाट्यांवर खालीवर होणारा. मधला शाफ्ट वाकता राहावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस असतो. त्याच्या चार टोकांवर वाट्या आणि वाट्यांत बारीक सुयांचे बेअरिंग. ग्रीस आटले की आधी सावकाश चालताना चूं-चूं ऐकू येते, मग 'खट्', आणि शेवटी वेगात सारी गाडी थरथरते. वाटीभोवती विटकरी भुकटी दिसली, तर ग्रीस भरून आता उपयोग नाही.

तपासणी घरीच होते. सपाट जागी चाकांना पुढूनमागून दगड लावावेत, इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळाव्यात, वरखाली हलवाव्यात. दोन बाजूंत जराही खेळ जाणवला, की क्रॉस गेला. दोन्ही बाजू एकत्रच थोड्या फिरत असतील, तर तो खेळ डिफरन्शियलमधला, थोडा असणारच. त्यापायी नवा क्रॉस घालू नये.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात असू द्या. जुन्या अनेक जीपना हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे, शाफ्टवरच असतो. शाफ्ट सुटला की तो ब्रेकही नाही आणि मागच्या चाकांना गिअरही धरत नाही. तेव्हा दगड हलवू नयेत, आणि पोरांना गाडीखाली डोकावू देऊ नये.

जोडावर रंगाने खुणा करून मगच नट सोडावेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत नसले, तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते. सर्क्लिप काढून वाट्या वाइसमध्ये दाबून काढाव्यात. हातोडा नळीवर मारू नये. नळीवर डागलेले पत्र्याचे तुकडे तोल राखण्यासाठी असतात, तेही काढू नयेत. नव्या वाटीतल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवाव्यात. सर्क्लिप खाचेत बसत नसेल, तर सुई तळाशी आडवी पडली असे समजावे आणि वाटी पुन्हा काढावी. घाईत ती ठोकून बसवणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याजवळ उभे राहूनच काम करून घ्यावे. वाटी हातानेच आत सरकली, तर काट्याचे भोक खाल्ले गेले आहे, तोही बदलावा.

क्रॉसला निपल असेल, तर चारही वाट्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. गाडी ओढ्यातून गेली, तर त्याच दिवशी पुन्हा.