चिपउद्योग आणि राष्ट्रीय सुरक्षितता : तैवान व चीन

दूरध्वनी, मोटार, क्षेपणास्त्र या सर्वांचे कार्य आज नखाएवढ्या तुकड्यावर अवलंबून असते. या तुकड्यास चिप म्हणतात. सिलिकॉन या अर्धसंवाहक पदार्थाच्या पातळ चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने अतिसूक्ष्म विद्युत् मंडले उमटवून ती तयार करतात. त्यासाठी शेकडो प्रक्रिया कराव्या लागतात.

जगातील अत्याधुनिक चिपांपैकी बहुतांश चिप तैवान या लहानशा बेटावर तयार होतात. हे यश दीर्घ नियोजनाचे आहे. तैवानने १९७३ मध्ये औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन केली, १९७६ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि १९८० मध्ये सिंचू येथे विज्ञान उद्यान उभारले. १९८७ मध्ये मॉरिस चांग यांनी टीएसएमसी ही कंपनी स्थापन केली. आराखडा ग्राहकाचा व उत्पादन कंपनीचे, हे तिचे सूत्र होय.

चीन तैवानला आपला प्रांत मानतो व बळाच्या वापराची शक्यता नाकारीत नाही. दोहोंमधील सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी सुमारे १३० किलोमीटर आहे. तरीही व्यापार थांबलेला नाही. चीनच्या कारखान्यांना तैवानी चिप हव्यात आणि तैवानला चिनी बाजारपेठ हवी. टीएसएमसीने २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे उत्पादन सुरू केले; मात्र सर्वांत प्रगत तंत्र बेटावरच राखले.

चीनने २०१४ मध्ये या उद्योगासाठी राष्ट्रीय निधी उभारला. २०२० मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे टीएसएमसीने चीनच्या हुआवेई कंपनीचा पुरवठा बंद केला. तैवाननेही २०२२ मध्ये आपला राष्ट्रीय सुरक्षा कायदा कडक करून मूलभूत तंत्रज्ञानाच्या गुपितांची परकीयांसाठी चोरी करणाऱ्यास १२ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली.

हा उद्योग तैवानची ढाल ठरतो, असे काहींचे मत आहे. परंतु या ढालीला मर्यादा आहेत. बेटाला लागणारे इंधन जवळजवळ सर्व समुद्रमार्गे येते. मंडले उमटविणारी अतिप्रगत यंत्रे नेदरलँड्समधून, तर अनेक रसायने जपानमधून येतात. म्हणजेच कारखाना बळाने ताब्यात घेतला, तरी तो चालविता येईलच असे नाही. आणि तो बंद पडल्यास हानी दोन्ही तीरांची, किंबहुना साऱ्या जगाची होईल. म्हणूनच जपानमधील कुमामोतो व अमेरिकेतील ॲरिझोना येथेही टीएसएमसीचे कारखाने उभे राहिले आहेत.

भारतानेही डिसेंबर २०२१ मध्ये या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. निधी आवश्यक आहेच. परंतु तैवानच्या वाटचालीत संशोधन संस्था, कुशल तंत्रज्ञ व धोरणातील सातत्य यांचा वाटा तितकाच मोठा आहे, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.