तपासणीपूर्वींचे चार दिवस



आजच्या भाषणाचा विषय एखाद्या निवृत्त शाळामास्तरानें हाताळावा असा नाहीं, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. पाळी जाण्याच्या वयांत अनेक स्त्रियांना गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्यावी लागते, आणि त्या तपासणीच्या नुसत्या नांवानें घरांत जी धास्ती शिरते, तिच्याविषयीं मला बोलावयाचें आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु ही धास्ती आमच्या घरीं चार दिवस मुक्कामाला होती, आणि त्या चार दिवसांत मीं ज्या चुका केल्या त्या इतर घरांतील पुरुषांनीं करूं नयेत, म्हणून पत्नीची अनुमति घेऊनच मी हें धाडस करीत आहें.

तिची पाळी बंद होऊन त्या वेळीं तीन वर्षें झालीं होतीं. एके दिवशीं अंगावरून थोडें रक्त गेलें. तिनें तें अकरा दिवस कोणाला सांगितलें नाहीं. मुलगी माहेरीं आली तेव्हां तिला कळलें, व तीच आईला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तो गुरुवार होता. सोनोग्राफी सोमवारीं करण्याचें ठरलें. त्या रात्रीं मीं माझ्या समजुतीप्रमाणें धीर दिला. म्हटलें, "कांहीं होत नाहीं, उगाच काळजी करूं नकोस." ती थोडा वेळ गप्प राहिली व म्हणाली, "काय होत नाहीं, तें तरी तुम्हांला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतें. प्रश्न न वाचतां उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मीं जन्मभर गुण कापले, आणि येथें स्वतः तेंच केलें होतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें कागदावर प्रश्न लिहून पुन्हां डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं जें समजावून सांगितलें, व पुढें वाचून मीं जें पडताळून पाहिलें, तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम शरीरांत काय चाललेलें असतें तें पाहूं. गर्भाशयाला आंतून एक मऊ अस्तर असतें. बीजकोशांतून निघणाऱ्या दोन स्रावांच्या हुकमतीखालीं तें दर महिन्याला वाढतें व गळून पडतें. इस्ट्रोजेन तें वाढवितें. बीज सुटल्यानंतर तयार होणारें प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतें, व तें ओसरलें म्हणजे पाळी येते. चाळिशी उलटली कीं कांहीं महिन्यांत बीज सुटतच नाहीं. मग आवर घालणारें कोणी नसल्यामुळें अस्तर वाढत राहतें, पाळी लांबते, आणि आली म्हणजे पुष्कळ जाते. सलग बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे ती गेली असें समजतात. आपल्या देशांत हें बहुधा वयाच्या ४५ ते ५० वर्षांच्या दरम्यान घडतें. त्यानंतर अस्तर पातळ होत जातें.

यावरून एक भेद ध्यानांत ठेवावा. पाळी जाण्यापूर्वींचा अनियमितपणा बहुधा वयाला धरून असतो. तथापि फार रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्यें जात असेल, किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावें. पाळी गेल्यानंतर मात्र एक डाग जरी दिसला तरी तो दाखविलाच पाहिजे. त्याचा अर्थ कर्करोगच, असें नव्हे. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१८ सालीं जो हिशेब प्रसिद्ध झाला त्याप्रमाणें, पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या शंभर स्त्रियांत सुमारें नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. उरलेल्या एक्याण्णव जणींत कारण निराळें असतें. पुष्कळदां तर अस्तर पातळ व नाजूक झाल्यामुळेंच रक्त येतें. आणि त्या नऊ जणींनाहि धीर देणारी गोष्ट ही कीं, हा रोग रक्ताच्या रूपानें लौकर वर्दी देतो. त्यामुळें बहुतेकींच्या बाबतींत तो गर्भाशयापुरता मर्यादित असतांच सांपडतो, व अशा वेळीं बरा होण्याची आशा पुष्कळ असते. अकरा दिवस गप्प बसण्यानें नुकसान होतें तें येथें.

आतां यंत्राविषयीं. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनें असलेला ध्वनि मनुष्याच्या कानाला ऐकूं येत नाहीं. सोनोग्राफींत वीस लाखांहूनहि अधिक कंपनांचा ध्वनि शरीरांत सोडतात, आणि दरींत हांक मारली असतां जसा प्रतिध्वनि परततो तसे आंतून परतणारे प्रतिध्वनि टिपून त्यांचें चित्र काढतात. यांत क्ष-किरण नसतात.

स्त्रीरोगांच्या तपासणींत या विद्येचा उपयोग सुरू झाला तो गांठींपासून, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड हे दुसऱ्या महायुद्धांत विमानदळांत होते, व तेथें त्यांना रडारची ओळख झाली होती. धातूंतील तडे ध्वनीनें शोधण्याचें यंत्र एका बॉयलरच्या कारखान्यांत आहे असें कळतांच, १९५५ सालीं ते शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून तेथें गेले, आणि भरीव गांठ व पाण्याची गांठ यांचे प्रतिध्वनि निरनिराळे येतात असें त्यांना दिसून आलें. पुढें त्यांच्याकडे एक स्त्री आली. तिला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असें ठरून गेलें होतें. यंत्रानें दाखविलें कीं, पोटांत आहे ती द्रवानें भरलेली एक मोठी गांठ. शस्त्रक्रिया झाली, बीजकोशाची गांठ निघाली, आणि ती स्त्री वांचली. डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं हे अनुभव १९५८ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. तेव्हां ज्या यंत्राचें आपण भय धरतों त्यानें अगदीं आरंभींच एका बाईचें भय खोटें ठरविलें होतें.

हल्लीं सोनोग्राफी म्हटली कीं गर्भवतीच डोळ्यांपुढें येते. दालनांत १९९४ च्या कायद्याप्रमाणें गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असते, आजूबाजूला तरुण मुली बसलेल्या असतात, आणि पन्नाशीच्या बाईला आपण भलत्याच जागीं आलों असें वाटूं लागतें. हा संकोच अनाठायीं आहे. तिचा तेथील हक्क इतरांहून तसूभरहि उणा नाहीं.

तपासणीच्या रीति दोन. पोटावरून करावयाची असल्यास आधीं पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. भरलेला मूत्राशय आंतडीं बाजूला सारतो, व गर्भाशय स्पष्ट दिसतो. दुसरी योनिमार्गानें. हिच्यांत मूत्राशय रिकामा असावा लागतो. स्वच्छ आवरण घातलेली एक बारीक दांडी आंत ठेवतात. ती गर्भाशयाच्या जवळ पोंचत असल्यामुळें अस्तराचें माप अधिक नेमकें मिळतें. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळें थोडें दुखूं शकतें. दुखल्यास थांबावयास सांगण्याचा, जवळ स्त्री असावी असा आग्रह धरण्याचा, व ही रीत नको म्हणण्याचाहि अधिकार बाईला आहे. सारें काम बहुधा अर्ध्या तासाच्या आंत आटोपतें. त्या वेळांत डॉक्टर पडद्याकडे पाहत गप्प असतात, आणि त्या गप्प बसण्यानें बाईच्या छातींत धस्स होतें. पण ते मापें घेत असतात. मापें घेतांना आमचा भूमितीचा विद्यार्थीहि बोलत नसे.

मग हातांत कागद पडतो, व इंग्रजी शब्द सुरू होतात. कांहींचा अर्थ सांगून ठेवतों. 'अँटीव्हर्टेड' किंवा 'रेट्रोव्हर्टेड' म्हणजे गर्भाशय पुढें किंवा मागें कललेला. ही नुसती ठेवण आहे. 'बल्की' म्हणजे नेहमींपेक्षां थोडा मोठा. बाळंतपणें झालेल्या स्त्रियांत असें अनेकदां दिसतें. 'नॅबोथियन सिस्ट' या गर्भाशयाच्या मुखावरील निरुपद्रवी पुटकुळ्या. 'फायब्रॉइड' ही स्नायूची गांठ. पन्नाशीपर्यंत ती बहुसंख्य स्त्रियांत असते, कर्करोगाची क्वचितच असते, आणि पाळी गेल्यावर बहुधा आकसते. मात्र पाळी गेल्यानंतर ती वाढत असेल तर डॉक्टरांना अवश्य विचारावें. 'अ‍ॅट्रॉफिक' हा शब्द आमच्या घरीं रिक्षांतच वाचला गेला आणि घरीं येईपर्यंत त्यानें पुरेसा छळ केला. त्याचा अर्थ एवढाच कीं, अस्तर पातळ झालें आहे.

आंकड्यांत महत्त्वाचा आंकडा अस्तराच्या जाडीचा. पाळी गेल्यावर रक्त गेलें असून अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता शेंकडा एकाहूनहि कमी राहते. परंतु ज्यांची पाळी चालू आहे त्यांना हें माप लावूं नये. त्यांचें अस्तर महिन्याच्या दिवसांप्रमाणें बदलतें व पाळीपूर्वीं १६ मिलिमीटरपर्यंतहि जाऊं शकतें. रक्त न जातां सहज दिसलेल्या जाडीलाहि ४ चा नियम तसाच लागू पडत नाहीं. आणि अस्तर जाड निघालें म्हणजे रोग ठरला असें नव्हे. पुढें अस्तराचा नमुना घेऊन तपासावा, एवढाच त्याचा अर्थ. सोनोग्राफी जाडी सांगते, पेशींचा स्वभाव सांगत नाहीं. उलटपक्षीं, अस्तर पातळ असूनहि रक्त पुन्हां पुन्हां जात असेल, तर कागदावर विसंबून न राहतां पुन्हां गेलें पाहिजे.

भीतीमुळें माणूस दोन परस्परविरुद्ध चुका करतो. पहिली, न जाणें. दुसरी, "कटकट नको, पिशवीच काढून टाका" असें म्हणणें. ही दुसरी चूक आपल्या महाराष्ट्रांत फार महाग पडली आहे. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची २०१९ सालीं सरकारतर्फें चौकशी झाली तेव्हां सुमारें ८२ हजारांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचा गर्भाशय काढलेला आढळला. तेथें मजुरी बुडण्याचें भय होतें, व त्याच्या जोडीला कर्करोगाचेंहि भय होतें. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीं केंद्र सरकारनें आंखून दिलेलीं मार्गदर्शक तत्त्वें राज्यांनीं अमलांत आणावीं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला. आपण शहरांतील शिकलेलीं माणसें; आपल्याला मजुरीची चिंता नाहीं, पण भय तेंच आहे. गर्भाशय काढणें कांहीं वेळां अगदीं योग्य उपचार असतो. तथापि तो कशासाठीं, दुसरा उपाय आहे का, आणि थांबल्यास काय होईल, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून, व जमल्यास दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्यावांचून, होकार देऊं नये.

उरतात ते मधले चार दिवस. या वयांत झोंप मोडणें, अंगाची लाही होणें, छाती धडधडणें हें स्रावांच्या चढउतारानेंहि होतें. तेव्हां रात्रीं तीन वाजतां जीव घाबरा झाला म्हणजे ती पुढल्या अरिष्टाची सूचना होय असें मानूं नये. उठून बसावें, श्वास सावकाश सोडावा, घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ द्यावा. मोबाईलवर रोगांचीं नांवें शोधण्याचें काम निदान रात्रीं तरी करूं नये. मनांत येणारे प्रश्न वहींत उतरावे. लिहिलेला प्रश्न रात्रभर घोकावा लागत नाहीं. रक्त केव्हां व किती गेलें त्या तारखा, चालू असलेलीं औषधें, हेंहि त्याच वहींत असावें. निकाल कधीं मिळेल व तो कोण समजावून सांगेल, तें आधींच विचारून ठेवावें. स्वयंपाक, फिरणें, भजनी मंडळ, जें रोजचें असेल तें चालूं द्यावें. इतकें करूनहि झोंप व अन्न तुटलें, तर तें डॉक्टरांना सांगण्यांत कमीपणा नाहीं. सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिचाहि उपयोग करावा.

आणि घरांतील पुरुषांस माझी विनंति अशी. "कांहीं होत नाहीं" हें वाक्य तोंडांतून काढूं नका. त्याऐवजीं "तुला कशाचें भय वाटतें?" असें विचारा, उत्तर मिळेपर्यंत थांबा, आणि तपासणीच्या दिवशीं बरोबर जा. आमच्या पत्नीला मरणाचें भय त्या मानानें थोडेंच होतें. आपण अंथरुणाला खिळलों तर घर कोण पाहील, हें तिला खात होतें. मीं तें छत्तीस वर्षांच्या संसारांत प्रथमच ऐकलें.

सोमवारीं अस्तराची जाडी ३ मिलिमीटर निघाली, व एक लहानसा फायब्रॉइड दिसला. पुढल्या वर्षीं पुन्हां एक डाग पडला. या वेळीं तिनें त्याच संध्याकाळीं मला सांगितलें. मीं भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारखेला खूण केली व डॉक्टरीणबाईंना फोन लावला. अस्तराचा नमुना घ्यावा लागला, आणि तोहि निर्दोष निघाला. तो तसा न निघतां तरी आम्हीं अकरा दिवस गमावलेले नव्हते, आणि तिला ती बातमी एकटीला ऐकावी लागली नसती. आपल्या घरीं अशी कोणी गप्प बसलेली असेल, तर आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.