घरासमोरचं झाड गेलं, मला कळलंच नाही!

आमच्या अंबडच्या घरासमोर कडुनिंबाचं झाड होतं. मागच्या मे महिन्यात ते तोडलं. तोडल्याचं मला तीन दिवस कळलंही नाही. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "अगं, तुझी गाडी आता उन्हात राहते. झाकून ठेवत जा." तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. वर नुसतं आभाळ!

खरं सांगते, लाज वाटली. शाळेत असताना ॲमेझॉनचं जंगल पेटलं होतं, तेव्हा मी स्टेटस ठेवलं होतं. पर्यावरण दिनाला दरवर्षी स्टोरी टाकते. आणि ज्या झाडाखाली रोज गाडी लावली, त्याचा साधा एक फोटोही माझ्याकडे नाही.

मग ठरवलं, एका झाडाशी ओळख करून घ्यायची. एमआयडीसीत एका कंपनीच्या कुंपणाला लागून वड आहे. महिनाभर रोज सकाळी दहा मिनिटं तिथं थांबायचं, मोबाइल खिशात ठेवून.

टुक टुक कुणाची?

पहिले चार दिवस जाम बोअर झालं. फर्स्ट शिफ्टच्या गाड्या, हॉर्न, धूळ. हात सारखा खिशाकडे जायचा. पाचव्या दिवशी एका लयीत "टुक... टुक... टुक" ऐकू आलं. वाटलं, कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये ठोकाठोक चालू असेल. पण आवाज वडातून येत होता.

घरी पप्पांना सांगितलं. ते हसले. "तांबट असेल. आमच्या गावच्या उंबरावर असायचा." तांब्याची भांडी ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर नि गळ्याखाली लाल रंग. वड, पिंपळ, उंबराची फळं खातो आणि वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतो. आपण 'वाळलीये' म्हणून फांदी छाटतो, तेव्हा कदाचित त्याचं घरच जातं.

त्या रात्री पप्पा गावच्या ओढ्याबद्दल, आंब्यांबद्दल तासभर बोलले. इतकी वर्षं कंपनीत काढलेला माणूस हे सगळं मनात घेऊन फिरतोय, हे मला माहीतच नव्हतं.

ओळख असली की...

जपानमध्ये 1982 पासून 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान ही कल्पना रुजली. जंगलात जायचं, पण ट्रेकसारखं धावायचं नाही, सावकाश वास घ्यायचा, ऐकायचं. आपल्याला त्यासाठी जपान कशाला? पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर 'आपलं पर्यावरण' संस्थेच्या शेखर गायकवाड यांच्या पुढाकारानं 2015च्या पर्यावरण दिनी हजारो नाशिककरांनी देशी झाडं लावली. आज तिथं देवराई उभी राहतेय. स्वतःच्या हातानं लावलेलं रोप बघायला लोक पुन्हा पुन्हा जातात.

आणि तपोवन! कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तिथली झाडं तोडायचा विषय 2025च्या अखेरीस निघाला, तेव्हा किती तरी तरुण रस्त्यावर उतरले. झाडांना मिठ्या मारल्या. कारण ती त्यांच्या ओळखीची झाडं होती. माझ्या कडुनिंबासाठी मात्र कुणीच उभं राहिलं नाही. मीसुद्धा नाही.

करून बघा

घराजवळचं, कॉलेजच्या रस्त्यावरचं एकच झाड निवडा. त्याचं नाव घरातल्या मोठ्यांना विचारा. रोज दहा मिनिटं थांबा. त्यावर कोण येतं, पान कधी झडतं, पालवी कधी फुटते, वहीत लिहा. रील महिनाभरानं करा, चालेल.

यंदा पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा आम्ही पहिल्यांदाच बाजारातून विकत आणला. आजी काहीच बोलली नाही. नुसती दारात जाऊन समोर बघत राहिली. या वेळी मीही तिच्या शेजारी उभी होते.